पाच फूट चार इंचांचा पलंग

सुभेदार गांगुर्डे सॅम्पल फ्लॅटच्या पलंगावर आडवे झाले आणि त्यांची पावलं पलंगाबाहेर आली. नुसती पावलं नाहीत, पोटऱ्याही.

"काय ओ साहेब, पलंग छोटा हाय का मीच वाढलो?"

"डिस्प्ले पीस आहे, काका," मी म्हणालो. मी या इमारतीचा आर्किटेक्ट. डिस्प्ले म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत.

सुभेदार मूळचे वणीचे. शेवटचं पोस्टिंग देवळाली कॅम्पला होतं, तिथूनच रिटायर झाले. त्यांच्या बायकोचा सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झालेला. आता पहिल्यांदा स्वतःचं घर घ्यायचं होतं. त्या माउलीने पलंगाच्या उशाकडच्या नक्षीवरून हात फिरवला.

"सागवान हाय ना? असा आम्हाला मिळंल का?"

"मिळेल का म्हणजे? बुक करा काकू, बेडरूमचं सगळं फर्निचर फ्री!" बिल्डरांची बहीण पुष्पाताई म्हणाली.

मी घाईने त्यांना बाल्कनी दाखवायला नेलं.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे काय ते सांगतो. इमारत पूर्ण व्हायच्या आधी एक फ्लॅट सजवून गिऱ्हाइकाला दाखवतात. त्यात आमची कला असते. पलंग नेहमीच्या सव्वासहा फुटांऐवजी पाच फूट चार इंचांचा करायचा. कपाट दोन फूट खोल लागतं, ते सव्वा फुटाचं करायचं. त्यात हँगर आडवा मावत नाही, पण सॅम्पल फ्लॅटमध्ये शर्ट कोण टांगतो? दारं काढून ठेवायची, म्हणजे ती उघडायला जागा लागते हे कोणाच्या लक्षात येत नाही. समोरच्या भिंतीवर आरसा लावायचा. खोली आपोआप मोठी दिसते. यात बेकायदा काहीच नाही. कार्पेट एरिया कागदावर अगदी बरोबर असतो. खोटं फक्त फर्निचर बोलतं.

ही स्कीम तीन भावंडांची. भंवरलाल, किशोर आणि पुष्पा. मूळचे राजस्थानातल्या जालोरकडचे सुतार. भंवरलाल आधी आला. दुसऱ्यांच्या अर्धवट फ्लॅटमध्ये काम करायचं आणि तिथेच भुशावर झोपायचं. मग त्याने किशोरला आणलं, मग फ्रॉक घातलेल्या पुष्पाला. गंगापूर रोडवरच्या कितीतरी बंगल्यांत त्यांच्या हातचं लाकूड आहे. पेठ रोडला प्लॉट घेतला तेव्हा आमच्या क्लबात आम्ही खूप हसलो. "आता सुतार बिल्डर होणार!" असं म्हणणाऱ्यांत मी होतो, आणि फी घ्यायला पहिला पोचलो तोही मीच.

बारा फ्लॅट बसतील तिथे मी सोळा बसवले. भंवरलाल खूश झाला. साधा भोळा कारागीर वगैरे नव्हता तो. सोळा हा आकडा ऐकून त्याने मला दुसरा पेढा दिला होता. पण फर्निचरची ड्रॉइंग हातात आल्यावर त्याने मान वर केली.

"सर, ये तो बच्चे का पलंग है."

"लिफ्ट नाही ना अजून. जिन्यातून चढवायला सोपं जातं," मी म्हणालो.

आयुष्यभर जिन्यातून पलंग चढवलेल्या माणसाला मी हे सांगितलं. त्याने ड्रॉइंगची गुंडाळी केली. त्याला पटलं असेल असं मला वाटत नाही. पण शिकलेला माणूस सांगतोय आणि ते आपल्या फायद्याचं आहे, तर वाद कशाला! पुष्पाला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. लाकूड घरचं, हात घरचे, म्हणून तिने फर्निचर फ्री करून टाकलं. बुकिंग धडाधड झाली.

पहिला तयार फ्लॅट सुभेदारांचा. भंवरलालने त्यांच्या उंचीला साजेसा साडेसहा फुटांचा पलंग केला. आम्ही चौघे बेडरूममध्ये उभे होतो. पलंग जोडला. दार उघडलं, ते अर्ध्यातच पलंगावर आदळलं. कपाट ठेवलं, त्याचं एकच दार उघडलं, तेही वीतभर.

"भाईसा, कमरा छोटा हो गया क्या?" किशोरने विचारलं.

खोली मोजली. नकाशाबरहुकूम होती. भंवरलाल माझ्याकडे वळला.

"सर, तुमच्या नकाशात इथे पलंग काढलेला आहे. किती फुटांचा?"

"पाच-चार."

"म्हणजे ते जिन्याचं..."

"जिन्याचं काही नव्हतं."

भंवरलालने टेप गुंडाळून ठेवली. मीच घाईघाईने उपाय सुचवला. "सगळ्यांना छोटंच द्या ना. तसंच तर दाखवलंय."

पुष्पाताई लहानपणापासून नाशकात वाढलेली, मराठी तिचं माझ्याइतकंच साफ.

"सर, लोक तुमचं नाव नाही घेणार. मारवाड्यांनी फसवलं म्हणतील. तुम्ही उद्या दुसरी स्कीम धराल, आम्हाला पुढच्या प्लॉटवर कोण उभं करेल?"

इमारत कॉलम आणि बीमवर उभी असते. मधल्या बऱ्याचशा भिंती म्हणजे नुसते विटांचे पडदे, सरकवता येतात. पण बेडरूम वाढवायची तर हॉल आक्रसणार. पुष्पाने बुकिंगवाल्या सगळ्यांना बोलावलं. रिकाम्या फ्लॅटमध्ये जमिनीवर खडूने खऱ्या मापाचं सामान आखून ठेवलं होतं.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "भिंत सरकवून देतो. ज्यांना नको असेल त्यांनी बुकिंगचे पैसे परत घ्या."

मी मागच्या खुर्चीवर होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या शेजारचे एक गृहस्थ कानाशी आले. "तुम्ही आपले म्हणून बोलतो साहेब. ही बाहेरची माणसं, यांच्याकडून दुसरं काय होणार?"

मी म्हणालो, "हो ना."

एवढे दोनच शब्द. लिहायला बसलो ते त्या शब्दांपायी. भिंत सरकवता आली, हे शब्द आजतागायत हललेले नाहीत.

सुभेदार खडूच्या रेघांवरून हळूहळू चालले, मग बायकोला म्हणाले, "हॉल बारीक झाला गं. व्याही आला तर?"

"उभा राहील. नायतरी लय बसतो," ती म्हणाली.

त्यांची भिंत सरकली. आणखी काहींच्या सरकल्या. काहींनी बुकिंगचे पैसे परत घेतले आणि भावंडं त्या धक्क्याने वर्षभर वाकली. पण इमारत उभी राहिली. सुभेदारीणबाईंनी दारावर तोरण बांधलं, त्या दिवशी मलाही जेवायला बोलावलं. मी कामाचं निमित्त सांगितलं.

भावंडांच्या दुसऱ्या स्कीमचं बांधकाम सुरू आहे. तिथे त्यांनी नवीन आर्किटेक्ट घेतली. माझ्याशी भांडण नाही. माझी फी वेळेवर चुकती केली, दिवाळीला मिठाईचा डबा अजून येतो. आणि मला, त्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो बघून, दोन बिल्डरांचे फोन आले. एक काम मी घेतलं.

बिल्डर कुठला, हे सगळेच विचारतात. नकाशा कोणाचा, हेही विचारत जा. त्यावर माझी सही असेल, तर मोजायची टेप सोबत न्या.