बाबांच्या शर्टातली मुलगी

माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. वजन एक किलो सहाशे ग्रॅम. काचेच्या पेटीतून बाहेर काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता दिवसाचा जास्तीत जास्त वेळ तिला कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवायचं, म्हणजे ती गार पडणार नाही.

"घरी कोण कोण आहे?" सिस्टरनी विचारलं.

मी, नवरा आणि सासरे. नवऱ्याची सुट्टी संपत आली होती आणि माझ्या टाक्यांत पू झाला होता. तासभर बसलं की कळा यायच्या. माझी आई नाही, सासूबाईही नाहीत.

"मग आजोबा बसतील," सिस्टर म्हणाल्या.

मी सासऱ्यांकडे बघितलं. धायरीच्या घरात आम्ही चार वर्षं एकत्र राहत होतो, पण आमचं बोलणं "बाबा, चहा ठेवू का?" आणि "ठेव" यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस. माझ्यासमोर ते कधी बनियनवरही येत नसत. ते दारातच उभे होते. म्हणाले, "कसं धरायचं ते दाखवा."

सिस्टर जवळ गेल्या आणि थबकल्या. "तंबाखू खाता?"

"चाळीस वर्षं."

"मग बाळ नाही मिळायचं."

बाबांनी खिशातली पुडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "आता?"

"आता उद्या आंघोळ करून या. पुढून बटणं असलेला शर्ट घाला."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी टोपी, मोजे आणि लंगोट घातलेली ती मूठभर पोर त्यांच्या छातीवर उभी ठेवली. मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून मऊ ओढणीने बांधलेली. बाबा ताठ बसले होते.

"अहो, श्वास घ्या," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही घेतलात तर ती घेईल."

घरी आल्यावर बाबा सकाळी नऊला आरामखुर्चीत बसत ते नवरा कामावरून येईपर्यंत. मधे मी तिला वाटी-चमच्याने दूध पाजायचे. तंबाखू सुटल्याने ते सगळ्यांवर खेकसायचे, बडीशेप चघळायचे. पण डुलकी यायला लागली की लगेच हाक मारायचे, "हिला घे, माझे डोळे मिटतायत."

मांजरी गावाहून त्यांची थोरली बहीण बाळाला मध चाटवायला आली. बाबांनी नको म्हटलं.

"तुला मीच चाटवला होता."

"म्हणूनच असा झालो."

"बायकांच्या कामात तू कधीपासून पडायला लागलास?"

"गेल्या मंगळवारपासून. हात धुतलेस का?"

आत्या चहा न घेता गेल्या.

आठवड्याभराने दुपारी मी भात टाकत होते, तेव्हा बाहेरून बाबा ओरडले. मुलगी त्यांच्या छातीवर ढिली पडली होती, ओठ निळसर. "हलत नाहीये ही," म्हणत ते सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे तिचे तळवे चोळत होते. दोनदा, तीनदा. मग ती कण्हली आणि बारीक आवाजात रडली.

तिला शर्टातच ठेवून आम्ही रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. वाटेत बाबा तिच्या नाकाकडे बघत होते. एकदम म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी दुसऱ्या पाळीला होतो. पाचव्या दिवशी हातात घेतला. एवढ्याशा जिवाचा श्वास छातीवर कसा जाणवतो, हे मला माहीतच नव्हतं."

मी त्यांच्या दंडाला धरून बसले. चार वर्षांत पहिल्यांदाच.

तिला जंतुसंसर्ग झाला होता. सहा दिवस ठेवून घेतलं. वेळेवर कळलं म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले.

अडीच किलो भरल्यावर ती छातीवर ठेवलं की घामेजायची, लाथा मारायची. आता बंद करा, डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बाबा आंघोळ करून, वरची बटणं काढून खुर्चीत येऊन बसले.

"आता गरज नाही, बाबा," मी म्हटलं.

"माहीत आहे."

मी तिला त्यांच्याकडे दिलं आणि कुकर लावायला आत गेले.