नानांचा श्वास

नक्कल मला कुणाचीही जमते. शेजारच्या नानांना परवाच वृद्धाश्रमात ठेवलं, म्हणून भेटायला गेलो. त्यांना धाप लागलेली, तरी सिस्टरना ते औषधाच्या वाफेचा मास्क लावू देईनात. म्हणाले, "हे एकदा लागलं की घरी कोण नेतंय?"

हसतील म्हणून मी त्यांच्यासारखा श्वास घेऊ लागलो, तोकडा, शिट्टी वाजणारा. थोड्याच वेळात मला गरगरलं. मी थांबलो, नाना कुठे थांबणार? दुसऱ्याचा आवाज पाहिजे तेव्हा टाकून देता येतो, स्वतःचा श्वास तसा टाकून देता येत नाही.

"बस खाली, माकडा! मास्क तुलाच लावायला पाहिजे."

"मला कुठं लावता येतो? तुम्ही दाखवा."

नानांनी लावून दाखवला. मला नीट कळावं म्हणून औषध संपेपर्यंत काढलाच नाही.