विंडो कोणती ते आधी सांगायचं

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तरांच्या कृपेने. पण ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग विंडो बसवण्यात माझा हात धरणारा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणी नव्हता. पवईच्या टॉवरमध्ये लोक कॉफी पीत तलाव बघतात ना, ते मी बसवलेल्या काचेतून बघतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून घरात मला हसतात, आणि हसण्यासारखं त्यात काही नाही.

आम्ही घाटकोपरला राहतो. बिल्डिंग नवी, घर बारकं. आतली खोली मुलगा-सुनेची, हॉलमधला दिवाण माझा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाच्या लग्नालाही वर्षं होत चालली होती आणि पाळणा हलत नव्हता. मी एका शब्दाने विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मी ठरवलं की ठरवलं. फक्त कुणाच्या बारशाला जाऊन आलो की तिथला पेढा सुनेच्या हातावर ठेवायचो. काही न बोलता.

सून रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर लावायची. तो टुकटुक वाजायचा, तो बाहेर मला ऐकू यायचा. पोरीला रोज कणकण आणि मुलगा ढिम्म! मग मीच आलं आणि गवती चहा उकळून काढा द्यायला लागलो. ती मुकाट्याने प्यायची. ताप कधी चढला नाही, त्याचं श्रेय मी काढ्याला दिलं.

एका सकाळी दोघं किचनमध्ये कुजबुजत होती.

"आजपासून विंडो आहे. या वेळी घालवायची नाही हां," सून म्हणाली.

"ऑफिसात क्लोजिंग आहे गं. बघतो."

"मागच्या महिन्यात पण बघतोच म्हणालास. झाली ना विंडो बंद?"

माझं डोकंच फिरलं. आतल्या खोलीची विंडो अडकते, बंद होते, महिनाभर पोरं आपसात भांडतायत, आणि बाप घरात बसलाय त्याला विचारत नाहीत! उद्या बाहेरून कुणा पोरसवद्या फिटरला बोलावतील आणि तो माझ्या नाकावर टिच्चून सिलिकॉन फासून जाईल.

दोघं कामाला गेली तशी मी हत्यारांची पेटी काढली. विंडो तशी ठीक चालत होती, पण शोधलं की काहीतरी सापडतंच. दोन्ही शटर उतरवले, रोलर बदलले, ट्रॅक खरवडला, पलंगावर प्लास्टिक टाकलं, कडेने नवीन सिलिकॉन भरलं. संध्याकाळी सून आली तेव्हा भिंतीत नुसतं भोक होतं आणि पलंगावर कबुतर बसलं होतं.

"बाबा! हे काय केलंत?"

"तुमची विंडो. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं, मला कान होते."

मागून आलेला मुलगा आधी हसला. मग बायकोचं तोंड बघून मोबाईलमध्ये शिरला. सून पलंगाच्या कडेला, प्लास्टिकवरच बसली.

"बाबा, ती ही विंडो नाही हो," ती म्हणाली. "महिन्यातले थोडेच दिवस असतात मूल राहण्यासारखे. त्या दिवसांना विंडो म्हणतात. सकाळचा थर्मामीटर त्याच्यासाठी असतो. पट्टीवर तपासते, ॲपमध्ये टाकते. डॉक्टर म्हणाल्या, आधी हे नीट करून बघा. नाही जमलं तर पुढचे उपाय. मला ते पुढचे नकोयत. मला भीती वाटते."

सून सासऱ्याशी असं बोलते हे मला नवीन होतं. मी कबुतराकडे बघत म्हणालो, "मग दिवस म्हणायचं. दिवसाला खिडकी कोण म्हणतं?"

"बरं. चुकलं आमचं. आता ती लावा परत."

"सिलिकॉन ओलं आहे. उद्याशिवाय हात लावणार नाही. मी कुणाच्या घाईसाठी काम बिघडवत नाही."

वर मी हेही म्हणालो, की आमच्या वेळी चाळीतल्या एका खोलीत नऊ माणसं झोपायची, तरी पोरं व्हायचीच. त्यावर ती मुलगी काय म्हणाली ऐका. "नऊ माणसं झोपायची ना, बाबा? तुम्ही झोपत नाही. तुम्ही खोकता. तुमचा खोकला आम्हाला ऐकू येतो, म्हणजे आमचं तुम्हालाही येत असणार."

त्या रात्री तिघंही हॉलमध्ये झोपलो. मी खोकला दाबला, तर ठसका लागला.

सकाळी शटर चढवले आणि पिशवी भरली. चेंबूरला माझी लेक असते. लेकीच्या घरी रात्र काढायची नाही, ही आमच्या घरातली रीत. माझ्या बापाने पाळली, मीही पाळली. जावई दरवेळी म्हणायचा, "राहा ना मामा," आणि मी चपला घालायचो. त्या दिवशी तो काही म्हणायच्या आतच मी सांगितलं, "राहतोय."

बिचारा घाबरला. "मामा, सगळं बरं आहे ना घरी?"

"बरं असल्याशिवाय आलो का?"

मग दर महिन्याला हे सुरू झालं. सून सकाळी चहा देताना नुसतं म्हणायची, "बाबा, चेंबूर?" मी पिशवी उचलायचो. काही दिवसांनी तिचा फोन यायचा, "या आता." पुढे काय झालं हे मी विचारत नसे. तिच्या आवाजावरून कळायचं.

खाली बाकावर माझ्यासोबत बसणारा आमच्या गावचा म्हातारा एकदा म्हणालाच, "काय रे, सुनेन घरातसून काढल्यान की काय?" मी म्हणालो, "होय, काढल्यान." दुसरं काय सांगणार? बिल्डिंगमध्ये सुनेचं नाव खराब झालं. तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणू दे हो. खरं कळण्यापेक्षा बरं."

परवा सकाळी चहा आला, पण चेंबूर आलं नाही. मी पिशवी भरूनच बसलो होतो. जावयाने माझ्यासाठी सुरमई सांगून ठेवली होती.

"आज नाही जायचं, बाबा."

"का? दिवस चुकला?"

"हो," ती म्हणाली. "चुकला." मग तिने पदर नसलेल्या खांद्यावर उगीच हात फिरवला आणि हसली. "तीन महिने कुणाला सांगायचं नाही. चेंबूरच्या ताईंना पण नाही."

"मग जावयाला काय सांगू? मी खोटं बोलत नाही."

"मग खरं सांगा."

मी फोन लावला. म्हणालो, आज येत नाही, पोट बिघडलंय.

"कुणाचं, मामा?"

"माझं," मी म्हणालो, आणि फोन ठेवून दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.