बिनखुणेच्या गिटारी

लाकूडकाम चालतं तिथं किस्से भुशासारखे जमतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा पायाखाली. उस्मानभाईंच्या शेडमधले कितीतरी मी विसरलो, तरी चार-सहा अजून अंगाला चिकटून आहेत. सावकाश सांगतो. मला भरभर बोलता येत नाही.

शेड चिंचवड स्टेशनच्या मागं होती, पत्र्याची. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. मी आणि सुदाम एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होतो. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करायचा, ते आमचं काम. फर्स्ट शिफ्ट सुटली की आम्ही दोघं उस्मानभाईंकडे. मी रंधा धरायचो, सुदाम मानेवर बोट ठेवायच्या पट्ट्यांच्या, म्हणजे पडद्यांच्या, खाचा पाडायचा. खडकीहून पीटरमास्तर यायचे. ते चर्चमध्ये वाजवायचे आणि आमच्या गिटारींना तारा चढवून तपासून द्यायचे.

उस्मानभाई मिरजेचे. त्यांच्या घरात आजा-पणजापासून सतारी होत. त्या घराची एक खूण होती, हाडाची तीन बारीक पानं, सतारीच्या मानेवर बसवलेली. धाकट्यानं घर सोडून गिटारी करायचं ठरवलं, तेव्हा थोरले भाऊ एवढंच म्हणाले, "खोकी कर. आपली पानं त्यावर लावायची नाहीत." त्यानंतर ते उस्मानभाईंशी बोललेच नाहीत.

म्हणून आमच्या गिटारींची डोकी कोरी जायची. गिऱ्हाईक म्हणायचं, एखादं इंग्रजी नाव तरी घाला. उस्मानभाई गिऱ्हाइकाला कशालाच नाही म्हणत नसत, पण हे ऐकलं की दुसरीकडे बघायचे. मिरजेकडची गाडी स्टेशनातून धडधडत गेली की पटाशी हातात घेऊन दारात जाऊन उभे राहायचे.

"कोण यायचंय?" आतल्या खोलीतून त्यांच्या बायको, आमच्या भाभी, विचारायच्या.

"कोणी नाही. वारा घेतोय."

"वारा मागच्या दारानंपण येतो," भाभी म्हणायच्या.

*

आमच्याकडे तयार गिटार मिळत नसे. गिऱ्हाईक जुन्या मासिकांतली चित्रं कापून आणायचं. डोकं ह्या गिटारीचं, पोट त्या गिटारीचं, भोकाभोवतीची नक्षी तिसरीचीच. उस्मानभाई चित्र लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "होईल."

आकुर्डीच्या एका कंपनीत जोशी म्हणून टाइमकीपर होते. त्यांनी चार चित्रांचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून एक अख्खी गिटार तयार करून आणली. डोकं खिडक्या पाडलेलं, मान बारीक, कंबर फार जुन्या पद्धतीची अरुंद, आणि खाली भलं मोठं बूड.

पीटरमास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. "जोशी, ही गिटार आहे की लग्नातला ग्रुप फोटो?"

"होईल," उस्मानभाई म्हणाले.

झाली. अगदी पुठ्ठ्याबरहुकूम झाली. जोशींनी ती मांडीवर घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग हळूच म्हणाले, "चित्रात बरी दिसत होती हो."

"मग चित्र वाजवा," पीटरमास्तर म्हणाले.

उस्मानभाईंनी मात्र गिटार परत घेतली आणि त्याच संध्याकाळी सरसाचे सांधे उकलून तिचं पोट सोडवायला बसले. जोशी नको नको म्हणत होते. उस्मानभाईंना ते ऐकूच येत नव्हतं.

*

हे पोट सोडवणं म्हणजे त्यांचा आजारच होता. झालेली गिटार त्यांना बघवत नसे. उठायचे, खुंटीवरची गिटार काढायचे, बोटानं टकटक करायचे, परत टांगायचे, परत काढायचे. जेवताना ताटातला हात थांबायचा. भाभी वाटी सरकवून म्हणायच्या, "आधी भात सोडवा, मग गिटार."

एकदा पीटरमास्तर स्वतःची गिटार ठेवून गेले, फक्त तारा बदलायला. पुढच्या रविवारी चर्चला जायच्या आधी न्यायला आले, तर गिटारीची मानच वेगळी! जुनी किंचित जाड वाटली म्हणून उस्मानभाईंनी बसवली होती.

पीटरमास्तरांनी नव्या मानेवर बोटं फिरवून पाहिली. मग मला म्हणाले, "नाना, मी ह्याच्याकडे केस कापायला येत नाही ते बरं आहे."

पण त्यांनी ती मान परत बदलून मागितली नाही. शेवटपर्यंत तीच वापरली.

*

शेजारच्या शेडमध्ये पत्रे कापायचा प्रेस होता. दिवसभर धाड, धाड. आमच्या रंध्याखालची फळी उडायची. लाकूड वाजवून बघायचं तर शांतता पाहिजे, आणि शांतता फक्त गुरुवारी. आपल्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्यामुळे आठवडाभराच्या फळ्या उस्मानभाई गुरुवारी वाजवायचे, आणि त्या दिवशी शेडमध्ये कोणी बोलायचं नाही. खोकायचं असेल तर बाहेर. मला काही त्रास नव्हता, मी तसाही गप्प. सुदामचे हाल व्हायचे. तो त्यांच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत गायचा, गुणगुणल्याशिवाय त्याचा हात चालत नसे.

एका गुरुवारी भाभींनी आत खलबत्त्यात मिरची कुटायला घेतली. उस्मानभाई आतल्या दारापाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले.

भाभींनी बत्ता खाली ठेवला. "लोक गुरुवारी अन्नाचा उपास धरतात," त्या म्हणाल्या. "मला बाई तोंडाचा धरायला लागतो."

सुदामला हसू आलं. त्याला बाहेर पाठवलं.

*

सुदामचा एक किस्सा सांगितला नाही तर तो रागवेल. लोखंड गार झालं की आकसतं. म्हणून आमच्या पॅटर्न शॉपमधली मापाची पट्टी मुद्दाम थोडी वाढीव असते. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण प्रत्येक इंच जरा मोठा. त्या पट्टीनं नमुना केला की ओतलेली वस्तू आकसून बरोबर मापाला येते.

ती पट्टी एकदा सुदामच्या खिशात राहून गेली. त्यानं तिनंच गिटारीचे पडदे आखले. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी उस्मानभाईंनी आपल्या साध्या पट्टीनं बसवली. पीटरमास्तरांनी तारा चढवल्या. मोकळ्या तारा गोड वाजल्या. बोट ठेवून वर जावं तसा प्रत्येक सूर हवा त्याहून चढा लागायला लागला. मास्तर पुन्हा खाली आले, पुन्हा वर गेले, आणि तोंड वाकडं करून बसले. उस्मानभाई शेडमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. सरस खराब आहे का, लाकूड ओलं आहे का, तारा बदलून बघू का.

शेवटी सुदामनं खिशातून पट्टी काढून नुसती समोर ठेवली.

पीटरमास्तरांनी ती उस्मानभाईंच्या पट्टीशेजारी धरली. दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं. म्हणाले, "काही बिघडलं नाही. गिटार अजून गरम आहे. गार झाली की मापाला येईल."

*

रावेतचे एक शेतकरी आले, शिंदेबुवा. तेव्हा रावेत म्हणजे नदी, ऊस आणि चार घरं. मुलगा कंपनीत लागलेला, तिथल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. बुवांनी डोक्यावर फळी आणली होती, गोठ्याच्या दाराची, जुनं सागवान. म्हणाले, "पोराचं गिटार ह्याचंच करा. पर त्याला गोल भोक नगं."

उस्मानभाई खूश झाले. कोणे एके काळी गिटारींना व्हायोलिनसारखी दोन बारीक लांबट भोकं असत. ती चित्रं आमच्याकडे होती. त्यांनी ती पुढं केली. "बुवा, तुम्हाला जुन्या पद्धतीची आवड दिसते."

"आवड कसली? आमच्या घरात उंदरं लई हायेत. गोल भोकात इणार न्हाईत व्हय?"

केली तशी. गोठ्याच्या दाराची, दोन लांबट भोकांची. आवाज असा खोल आला की पीटरमास्तर ती खाली ठेवेनात. सुदाम म्हणाला, "ह्या फळीनं जन्मभर गाईंचं हंबरणं ऐकलंय."

काही महिन्यांनी शिंदेबुवा बाजाराला आले तसे डोकावले. उस्मानभाई घाईनं उठले. "काय बुवा, काही तक्रार?"

"न्हाई. उंदरं आत जात न्हाईत."

"मग?"

"आता झुरळं जात्यात."

*

दर वर्षी उरुसाला उस्मानभाई मिरजेला जायचे आणि सोबत एक गिटार न्यायचे. सगळ्यांत चांगली, गुरुवारी दहादा वाजवून निवडलेली. भावाच्या बैठकीत ठेवून यायचे. भाऊ तिच्याकडे बघायचे नाहीत, ह्यांच्याकडेही नाही.

एका वर्षी परत आले ते थेट कामाला लागले. चहाही घेतला नाही. काहीतरी बिनसलंय, हे रंध्याचा आवाजच सांगत होता. मी विचारलं, "ठेवली?"

"ठेवली."

"काही म्हणाले?"

"भिंतीला टांगलीय त्यांनी. वर सदरा अडकवतात."

मी भुसा झाडायला घेतला. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पाहुण्यांना सांगत होते, ह्याचे खांदे चांगले उतरते आहेत, सदरा चुरगळत नाही." आणि रंधा थांबवून माझ्याकडे बघत म्हणाले, "नाना, खांदे चांगले आहेत असं म्हणाले ना ते?"

"म्हणाले की," मी म्हणालो.

त्यानंतरच्या सगळ्या गिटारींचे खांदे त्यांनी तसेच उतरते ठेवले.

*

आता शेवटचा. पिंपरी कॅम्पात एका कापडवाल्याचा मुलगा होता, मनोहर. त्याच्या ऑर्डरनं उस्मानभाईंना सहा महिने नाचवलं. पोट एका जुन्या गिटारीचं, घोडी दुसरीची, मान तिसरीची, कडेला दोरीसारखी नक्षी. डोकं मात्र कोरं, कारण चित्रात कोरं होतं. चित्रात नाही ते काही नको, असं त्यानं चारदा बजावलं होतं. तीनदा पोट सोडवल्यावर ती गिटार तयार झाली. अशी गिटार आमच्या शेडमध्ये आधी झाली नव्हती, पुढंही झाली नाही. मनोहर दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होता.

आदल्या दुपारी दारात एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे राहिले. हातात पिशवी. देहूरोडला कोणाच्या तरी लग्नाला निघाले होते. उस्मानभाईंच्या हातातली कानस खाली पडली, तेव्हा मला कळलं कोण ते.

भाभी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. ते त्यांच्याशी बोलले, माझ्याशी बोलले, भावाशी नाही. बाकावर बसले आणि मला म्हणाले, "मिस्त्री, ते खोकं दाखवा."

मी मनोहरची गिटार दिली. त्यांनी वाजवली नाही. पाठीवरून हात फिरवला, कडेला कान लावला, बोटानं टकटक केली. शेजारचा प्रेस धाड धाड करत होता. ते प्रत्येक दणका जाऊ द्यायचे आणि मधल्या जागेत वाजवायचे. उस्मानभाई दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत चालत होते.

"ह्या माणसाला सांगा, पोट एकाचं, मान दुसऱ्याची. हे काय केलंय?"

मी वळून बघितलं. उस्मानभाई म्हणाले, "नाना, त्यांना सांगा, लोक असंच मागतात."

"ह्याला सांगा, घोडी जड आहे."

"सांगा, उतरवतो."

"उतरवायची नाही. आवाजाला बरोबर आहे." मग डोक्यावरच्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवून ते म्हणाले, "आणि हे उघडं का?"

भाभी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. उस्मानभाईंचं चालणं थांबलं.

थोरल्यांनी झब्ब्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, मांडीवर उघडली. आत हाडाची तीन पानं होती, मिरजेहूनच कापून, घासून आणलेली. त्यांनी माझ्या हातातली बारीक पटाशी घेतली आणि गिटारीच्या डोक्यावर खाच पाडायला सुरुवात केली. तिन्ही खाचा झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "उस्मान, सरस गरम कर."

उस्मानभाईंना स्टोव्ह पेटवता येईना. काडी मी लावली.

संध्याकाळी ते देहूरोडला गेले. जाताना मला म्हणाले, "खोकं ते खोकंच आहे, मिस्त्री. पण पानं आमची आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहर आला. गिटार मांडीवर घेतली, चित्र काढलं, एकेक भाग ताडून बघितला. पोट, घोडी, मान, दोरी. खुशीत मान डोलवत वरपर्यंत गेला आणि थांबला.

"उस्मानभाई, ही पानं चित्रात नाहीत. ही काढून टाका."

उस्मानभाई उठले. गिटार त्याच्या हातातून अलगद घेतली आणि मागच्या भिंतीवर, स्वतःच्या टोपीशेजारी टांगली.

"अहो, पण ती माझी गिटार आहे ना?"

"तुमची करू की," उस्मानभाई म्हणाले, आणि फडताळातून नवी फळी खाली काढली. "बसा. हात पुढं करा, माप घेतो."