आधी वेलांटी

नोटीस बोर्डासमोर पहिल्या शिफ्टची माणसं हसत होती. 'रविवारी काम चालू राहील' असं हवं होतं. छापलं होतं 'रिववारी'. बाकीच्या काही वेलांट्या अक्षर सोडून हवेत लोंबत होत्या. नोटीस घाईत, न वाचताच लागली होती.

"रिववार कधी येतो हो काका?" एकाने विचारलं.

गायकवाड काका लांब उभे होते. चाकणच्या त्या पार्ट बनवणाऱ्या कंपनीतल्या सगळ्या मराठी नोटिसा आणि पत्रं तेच टाइप करायचे. निवृत्तीला दोन वर्षं होती.

चूक माझी होती. तिथल्या कॉम्प्युटरांवर मी लिनक्स टाकून दिलं होतं. ही खुली सिस्टीम; आतलं काहीही उघडून बदलता येतं. पत्रं, तक्ते, मेल, पीडीएफ, सगळ्यांचे प्रोग्राम मी पारखून निवडले. मराठी कीबोर्ड मात्र यादीत दिसला तो टाइपरायटरवाला टाकला, कळांच्या जागा जुळतात एवढंच पाहिलं आणि निघालो.

"काकांना गेटवर बसवतो. नवीन टायपिस्ट घेऊ," मॅनेजर साळुंखे साहेब म्हणाले. यांनीच मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "प्रोग्राम फुकटचे, मग तुमचं काम कसलं?" ते मी विसरलेलो नाही.

"आठ दिवस द्या," मी म्हणालो.

"दोन."

"चार. आणि तोवर काकांना दुसरं काम नाही. माझ्या शेजारी बसतील."

"तीन. मग मी ऐकणार नाही."

आधी मी काकांवरच खेकसलो. "अक्षर आधी, वेलांटी नंतर. एवढं बदला की."

"डोस्कं बदलंल, भाऊ. बोटं न्हाई ऐकत. मशीनवर शिकलो तवापास्नं वेलांटी आधीच."

तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे नीट पाहिलं. र, मग वेलांटी, मग व. कॉम्प्युटर ती वेलांटी मागच्या 'र'लाच चिकटवत होता.

कीबोर्डची फाइल उघडली. तिच्यात साधे नियम लिहिलेले असतात. मी नवा घातला: वेलांटी आली की थांब, पुढचं अक्षर आलं की त्याला लाव. शब्द बरोबर उमटला. मी बॅग उचलली.

"बसा," काका म्हणाले आणि त्यांनी 'स्थिती' टाइप केलं. वेलांटी अर्ध्या 'स'पाशीच अडकली. "जोडाक्षर संपंस्तवर थांबाया पायजे ती." दोन दिवस ते असे शब्द काढत राहिले, मी नियम दुरुस्त करत राहिलो.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी समोर बसून एक लांबलचक पत्र सांगितलं. काका कुठेच अडले नाहीत. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि सही केली.

"उद्याची नोटीसही तुम्हीच घ्या, काका." मग माझ्याकडे वळून, "एवढंच होतं तर आधीच का नाही केलं?"

मी भांडायला तोंड उघडलं, पण निघालं एवढंच: "काकांना टाइप करताना आधी पाहिलंच नव्हतं."

आता कुठल्याही ऑफिसात प्रोग्राम निवडण्याआधी, सगळ्यात जास्त टाइप करणाऱ्या माणसामागे मी अर्धा तास उभा राहतो. साहेबांशी त्यानंतर बोलतो.