नाव वाचू नका

रोह्याच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत कोणाला वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा पंच, नेमायचं असलं, तर रविवारी चर्चमध्ये त्याचं नाव वाचण्याआधी पाळक त्याच्या घरी जातात आणि बायकोला विचारतात, हा माणूस घरात कसा आहे? या वेळी ज्याचं नाव पुढे आलं होतं, त्याच्या घरी मीही सोबत गेलो.

त्याची माझी ओळख सलामापुरती. कंपनीत शिफ्ट करायचा. त्याचा आवाज चढलेला कधी ऐकला नाही. प्रार्थना संपली की म्हाताऱ्यांच्या चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवायचा. अशा माणसाची कसली चौकशी करायची, म्हणून मी वाटेत कुरकुरतच होतो.

बायकोनं चहा ठेवला. पाळकांनी तिला विचारलं.

"बरे हायत," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या डोक्यावरच्या फळीवरून साखरेचा डबा काढायला त्यानं हात उचलला. ती झटकन खाली वाकली आणि तिनं कोपर तोंडासमोर धरलं.

चहा आम्ही बिनसाखरेचाच प्यायलो.

तो आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. "माझं नाव वाचू नका," म्हणाला. "दारू सोडली, हात उगारायचा सोडला, त्याला लय वर्षं झाली. देवाला कळलंय. तिच्या अंगाला अजून कळलं नाय."