काकांचे डोळे चांगले आहेत

काकांना शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टात गाडी मीच चालवत नेली होती. माझं लायसन्स तेव्हा चार महिन्यांचं होतं. काकांचं त्या दुपारपासून सहा महिन्यांसाठी बंद झालं.

काका द्राक्ष बागायतदार. ओळखीच्या वायनरीत जेवून परतताना पोलिसांनी त्यांना नळीत फुंकायला लावलं. त्यांनी निवांत फुंकलं, कारण त्यांच्या मते वाईन दारूत मोडतच नाही. वकिलांनी बजावलं होतं, "पहिलीच वेळ आहे. फक्त 'कबूल' म्हणा, पुढे एक शब्द नको. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत आत जाल."

काका म्हणाले, "कबूल आहे, साहेब. पण द्राक्षं माझ्याच बागेतली होती."

दंड झाला, लायसन्स गेलं आणि वर कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसून राहायची शिक्षा. संध्याकाळपर्यंत काका हलले नाहीत. काकू म्हणाली, "हे आधी माहीत असतं तर मीच घेऊन आले असते यांना कोर्टात."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची ड्रायव्हर झाले. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडून काही फुटणार नाही अशी घरात सगळ्यांची खात्री होती. लोकांनी विचारलं की काका कारण देत. खतांच्या दुकानात गुडघा, बँकेत पाठ, सोसायटीत चक्कर. कुठे काय सांगितलंय ते मला लक्षात ठेवावं लागे.

मग चुलतबहिणीचं चांदवडला जमायला आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आता फक्त काका, काकू आणि मी घर बघून यायचं आणि होकार पक्का करायचा. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "पप्पांना जास्त बोलू देऊ नकोस." जणू मी कधी कोणाला थांबवलंय.

हायवेभर काका माझ्या शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते. पोहोचलो तर मुलाचे वडील ओट्यावर उभेच. मी ड्रायव्हरच्या बाजूने उतरले आणि काका डावीकडून, हे त्यांनी बरोबर टिपलं.

"दादा, तुम्ही नाय चालवत?"

"डोळ्यांना जरा त्रास आहे," काका म्हणाले. हे नवीन होतं. गुडघा वापरला असता तर निभावलं असतं.

पोहे आले. मुलाच्या आईने बशी काकांच्या पुढे ठेवली, पण सोडली नाही. "कसला त्रास?"

"अंधुक दिसतं थोडं."

"तुमच्या वडलांना होता?"

"नाही, नाही."

"आमच्या भावकीत एक सून आणली, तिला दोन वर्षांत चष्म्यानं पण दिसंना. माहेरी सगळ्यांना होतं, सांगितलं नाय कुणी." त्या काकूकडे वळल्या. "ताई, पोरीचे डोळे दाखवलेत का कुठं?"

काकूने शांतपणे पोह्यांवरची कोथिंबीर बाजूला केली. "सांगा आता," ती काकांना म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. इकडे डोळे, तिकडे कोर्ट, आणि मध्ये बहिणीचं लग्न. शेवटी काकांनी सगळं सांगितलं. द्राक्षं कोणाच्या बागेतली तेसुद्धा.

मुलाचे वडील खाली बघून मिशी चोळत राहिले. मुलाच्या आईचा मात्र विश्वास बसेना. "डोळ्याचं झाकायला तर सांगत नाय ना दारूचं?"

एवढ्या महिन्यांत काका पहिल्यांदा दुखावले गेले. "निकाल आहे मोबाईलमध्ये," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. "वाच गं."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. कोर्टाचं मराठी मी एकेक अक्षर लावत वाचलं. आरोपीने मद्यप्राशन करून वाहन चालवले. आरोपीस गुन्हा कबूल आहे. आरोपीचा हा पहिलाच गुन्हा आहे. प्रत्येक ओळीला त्या बाईंचा चेहरा उजळत गेला.

"डोळ्याचं काही लिहिलंय?"

"नाही," मी म्हणाले.

"ती दारूची ओळ परत वाच."

मी परत वाचली. काका ताठ बसून ऐकत होते. मग त्या उठल्या आणि तोंड गोड करायला साखर आणते म्हणून आत गेल्या.